शिष्यवृत्तीवर कर नाही, मग ही वसुली कसली?

मधल्या सुट्टीत एक बाई शाळेत भेटायला आल्या. त्यांची मुलगी माझ्याकडे आठवी ते दहावी शिकली, आता पुण्यात बी.फार्मच्या पहिल्या वर्षाला आहे. नवरा रिक्षा चालवतो, बाई घरातूनच बांगड्या विकतात. मुलीची फी राज्य सरकारच्या मुलींसाठीच्या सवलतीत गेली. राहिला प्रश्न वसतिगृहाचा आणि मेसचा. त्यासाठी एका धर्मादाय ट्रस्टने वर्षाला ६०,००० रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली होती. पेढे वाटायची बातमी, पण बाईंचा चेहरा उतरलेला. त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेला संदेश होता. कॉलेजच्या शिष्यवृत्तीवर आयकर लागतो, राहण्याजेवणाचे पैसे उत्पन्नात धरले जातात, वर्षाच्या शेवटी बिल येईल, आधीपासून तयारी ठेवा, असा मजकूर.

"सर, हे पैसे घेतले तर टॅक्स बसतोय म्हणं. मग नकोच म्हणून सांगू का त्यांना?"

रिक्षावाल्याच्या घरात चालून आलेले ६०,००० रुपये एका फॉरवर्डच्या भीतीने परत जायला निघाले होते. मी त्यांना बसवले, पाणी दिले, आणि संदेश पुन्हा वाचला. गंमत अशी की तो खोटा नव्हता, फक्त अमेरिकेचा होता. तिथे पदवीसाठी शिकणाऱ्याच्या शिष्यवृत्तीचे दोन भाग पडतात. शिकवणीची फी, पुस्तके, अभ्यासक्रमाला लागणारे साहित्य यांवर खर्च झालेला भाग करमुक्त. राहणे, जेवण, प्रवास यांसाठी मिळालेला भाग मात्र उत्पन्न. १९८६ च्या कर सुधारणा कायद्यापासून तिथे असेच चालते. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याच्या या करपात्र भागातून विद्यापीठ बहुधा आधीच १४ टक्के कापून घेते. मग त्याने एप्रिलच्या मध्यापर्यंत १०४०-एनआर नावाचा फॉर्म भरून हिशेब मिटवायचा. भारत आणि अमेरिका यांच्यातल्या करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना तिथली प्रमाणित वजावट मिळते, जी बहुतेक इतर देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. आपल्यापैकी ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी हे जरूर पाहावे. पण कुणीतरी तिकडचा मजकूर उचलला, हिंदीत केला, अमेरिका हा शब्द गाळला आणि तो कोल्हापुरात आमच्या मोहल्ल्यात येऊन पडला.

आपल्याकडचा कायदा एका ओळीचा आहे. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १० मधले उपकलम १६ सांगते की शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती एकूण उत्पन्नात धरायची नाही. रकमेला वरची मर्यादा नाही. सरकारनेच दिली पाहिजे अशी अट नाही. फी वेगळी आणि मेस वेगळी असा भेदही नाही. २०२५ मध्ये संमत झालेल्या आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यातही ही सूट ठेवली आहे. बाईंना म्हटले, बिनधास्त घ्या, फक्त ट्रस्टचे मंजुरीपत्र जपून ठेवा. बाई हसल्या. जाताना दारातून वळून विचारले, "मग पैसे जमा कधी होणार?"

त्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते. गेली वीसेक वर्षे मी शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देतोय. कायद्याने ज्या पैशाला हात लावला नाही त्याच पैशावर आमच्या मुलांकडून दुसऱ्या नावाने, दुसऱ्या खिडकीवर वसुली होते, हे मी रोज पाहतो. त्या वसुलीचे नाव आहे उत्पन्नाची मर्यादा.

जरा आकडे पाहू. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला आणि त्यानंतर केंद्राच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २ लाख, आणि इंजिनिअरिंग-फार्मसीसारख्या व्यावसायिक शिक्षणाच्या मेरिट-कम-मीन्ससाठी अडीच लाख. त्या काळात, म्हणजे २००७-०८ मध्ये, सर्वसाधारण करदात्याचे १ लाख १० हजारांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त होते. म्हणजे तेव्हा सरकार म्हणत होते, की १ लाख १० हजारांच्या वर कमावणारा थोडाफार कर देऊ शकतो, पण अडीच लाखांपर्यंत त्याच्या मुलाला शिकायला मदतही लागेल. यात शहाणपणा होता. कर देणारा माणूसही मुलाच्या इंजिनिअरिंगला कमी पडू शकतो, हे त्यात मान्य केले होते.

आता २०२५ चा अर्थसंकल्प घ्या. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य. पगारदाराला प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत शून्य. आणि मेरिट-कम-मीन्सची मर्यादा? अडीच लाख. मॅट्रिकोत्तरची? २ लाख. मधल्या काळात गहू, तेल, रॉकेल, एसटीचे तिकीट, कॉलेजची फी, सगळे कुठल्या कुठे गेले. करदात्याची रेषा वर चढत १२ लाखांवर गेली. विद्यार्थ्याची रेषा जिथे आखली तिथेच राहिली. २००७ मध्ये शिष्यवृत्तीची मर्यादा करमुक्त मर्यादेच्या दुपटीहून जास्त होती, आज ती तिच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहे. राज्याच्या योजनांची ८ लाखांची मर्यादा त्यामानाने बरी, पण तीही बाराच्या खालीच. रेशनच्या प्राधान्य कुटुंबासाठी शहरात ५९ हजारांची रेषा आहे, तिचे तर नावच नको. एकाच घराला एकाच वर्षात सरकारची एक खिडकी कर घेता येणार नाही इतका साधा माणूस म्हणते, आणि दुसरी खिडकी मदत देता येणार नाही इतका श्रीमंत.

कुणी म्हणेल, करमाफी वेगळी आणि शिष्यवृत्ती वेगळी, सरकारी तिजोरीला तळ असतो. मान्य. मर्यादा कुठेतरी आखावीच लागते. पण ती कशी आखायची हे सरकारला चांगले ठाऊक आहे. १२ लाख १० हजार कमावणाऱ्याला नियमाप्रमाणे ६१,५०० रुपये कर बसला असता. मग लोक म्हणाले असते, दहा हजार जास्त कमावले म्हणून साठ हजार द्यायचे, हा कुठला न्याय? म्हणून कायद्यात सीमांत सवलत ठेवली. त्याने रेषेच्या वर जितके कमावले तितकाच कर, म्हणजे १०,००० आणि त्यावरचा उपकर. रेषेवरून पाय घसरला तर माणूस दरीत पडू नये म्हणून कठडा बांधला आहे. १२ लाखवाल्यासाठी कठडा आहे. अडीच लाखवाल्यासाठी नाही. त्याचा एक रुपया जास्त झाला की सगळी शिष्यवृत्ती गेली.

हे मी कागदावरून बोलत नाही. २०१८ सालची गोष्ट. माझा एक विद्यार्थी, गणितात तल्लख, इंजिनिअरिंगला लागला, गाव सोडून वसतिगृहात. जागा कॅपच्या फेरीतून नव्हे, संस्थेच्या पातळीवर मिळालेली, त्यामुळे राज्याची निम्म्या फीची सवलत नाही. सगळी भिस्त केंद्राच्या मेरिट-कम-मीन्सवर. फीचे २०,००० आणि वसतिगृहात राहणाऱ्याला १०,०००, म्हणजे वर्षाला ३०,००० रुपये. बाप गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. मुलाच्या प्रवेशासाठीच त्याने आदल्या वर्षभर ओव्हरटाइम केला होता. पगारपत्रके जोडून वर्षाचे उत्पन्न काढले तर २ लाख ५६ हजार.

सहा हजार जास्त झाले म्हणून तीस हजार गेले. ज्याला आयकर खात्याने त्या वर्षी एक रुपया मागितला नाही, त्याने शिष्यवृत्तीच्या खिडकीवर आपल्या जादा कमाईच्या पाचपट मोजले. देशातल्या सगळ्यात मोठ्या उद्योगपतीवरही असा दर लावायची कुणाची हिंमत नाही.

या गोष्टीत माझाही वाटा आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही. मी त्या बापाला बाजूला घेऊन म्हणालो होतो, पगारपत्रक जोडू नका. मजुरी म्हणून सांगा, एक लाख नव्वदचा दाखला निघतो, सगळेच काढतात. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, पोरगं इल्म शिकायला चाललंय. त्याची पहिलीच पायरी खोटी नगं." मी शिक्षक, आणि माझ्यासमोर सातवी शिकलेला माणूस. मला मान वर करता आली नाही. मुलाने पहिल्या सत्रानंतर प्रवेश रद्द केला, कोल्हापुरातच बीएस्सी केले. आज शिरोलीजवळ एका गाड्यांच्या शोरूममध्ये हिशेब पाहतो. त्याचे वाईट चाललेले नाही. ईदला भेटायला येतो, मी विषय काढत नाही.

पण "सगळेच काढतात" हे मी म्हणालो ते खरे होते, आणि इथे मला आपल्याच लोकांशी भांडायचे आहे. ज्याचा पगार बँकेत जमा होतो त्याचे उत्पन्न लपत नाही. शिपाई, कामगार, परिचारिका यांचा रुपया न् रुपया दिसतो. ज्याचे दुकान आहे, गाळा भाड्याने दिलाय, दोन टेम्पो फिरतात, त्याचे उत्पन्न तो सांगेल तेवढे. मग बापाच्या दारात चारचाकी असलेला मुलगा दीड लाखाचा दाखला घेऊन रांगेत पुढे उभा राहतो, आणि फाउंड्री कामगाराचा मुलगा रांगेतून बाहेर. याला आपल्याकडे हुशारी म्हणतात. मी याला हक मारणे म्हणतो. नमाजेच्या सफमध्ये दोघे खांद्याला खांदा लावून उभे असतात, म्हणून तर हे जास्त टोचते.

आणि याची किंमत पुढे सगळ्यांनी मोजली. २०२३ मध्ये केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाने देशभरातल्या १,५७२ संस्था तपासल्या, त्यांपैकी ८३० संस्थांचा व्यवहार बोगस निघाला. पाच वर्षांत १४४ कोटी ८३ लाखांचे नुकसान झाल्याचा हिशेब मांडला गेला, प्रकरण सीबीआयकडे गेले. चोर पकडले पाहिजेत, त्याबद्दल दुमत नाही. पण घर लुटले म्हणून घरातल्या मुलांना उपाशी ठेवायचे का? चौकशीच्या आधीच, २०२२ च्या नोव्हेंबरात, पहिली ते आठवीच्या मुलांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती बंद झाली. शिक्षण हक्क कायद्याने ते शिक्षण मोफतच आहे, असे कारण दिले. ज्यांनी सरकारी शाळेत मूल घातले आहे त्यांना विचारा, वह्या, दप्तर, रिक्षा आणि शिकवणी मोफत मिळते का. डिसेंबरात संशोधक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिप गेली. इतर योजनांशी ती एकावर एक चढते, असे संसदेत सांगितले गेले. कागदावरच्या योजना एकावर एक चढतात, पण मुलाच्या हातात एकही येत नाही, याचा हिशेब कोण मांडणार?

माझ्या पगारातून कापल्या जाणाऱ्या आयकरावर दरवर्षी ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर लागतो. शिक्षणासाठी म्हणून मी देतो. देताना कुरकुर नाही. पण देतोय तर विचारण्याचा हक्क आहे. दोनच गोष्टी विचारतो. शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा आयकराच्या रेषेबरोबर वर सरकली पाहिजे, दर वर्षी, आपोआप. आणि रेषेच्या जरा वर गेलेल्याची शिष्यवृत्ती एकदम शून्य न होता हळूहळू कमी झाली पाहिजे. सहा हजार जास्त आहेत तर तीस हजारांतून सहा हजार कापा, चोवीस द्या. ज्या सरकारने १२ लाखवाल्यासाठी हे गणित करून ठेवलेय त्याला अडीच लाखवाल्यासाठी ते जमत नाही, हे मी मानणार नाही.

सरकारने हे करेपर्यंत आपण काय करायचे? इथे आपला मोहल्ला गप्प होतो.

मूळ अडचण अशी की शिष्यवृत्ती ही मदत राहिलेली नाही, ती उशिरा मिळणारी भरपाई झाली आहे. बिल येते जुलै-ऑगस्टमध्ये, पैसे येतात वर्ष संपताना, कधी पुढच्या वर्षी. मधले आठ-दहा महिने ज्याला काढता येतात त्याचा मुलगा शिकतो. म्हणजे शिष्यवृत्ती मिळवायलाच आधी खिशात पैसे लागतात.

आमच्या कोल्हापूरला हे कुणी शिकवायला नको होते. दसरा चौकात जाऊन पाहा. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली, बोर्डिंग काढले. बोर्डिंगचा अर्थ काय? पहिल्या दिवशी छप्पर आणि ताट. आधी तू वर्षभर खर्च कर, पावत्या लाव, मग बघू, असे नाही. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. न शिकवणाऱ्याकडून वसुली! शंभर वर्षांत आपण ते उलटे करून ठेवले. आता शिकवणाराच भरतो. मुलाला नीटच्या क्लासला घातले तर त्या फीवर १८ टक्के जीएसटी रिक्षावालाही देतो आणि बिल्डरही.

आणि त्या बोर्डिंगवरून रोज जाणारे आपण काय करतो? लग्नाच्या हॉलला दोन लाख देतो. मुलाच्या पहिल्या सत्राच्या फीची वेळ आली की बायकोच्या बांगड्या सावकाराकडे. रमजानमध्ये जकात वाटतो शंभराच्या नोटांनी, दारात रांग लावून, आणि संध्याकाळपर्यंत त्या नोटांचे काहीही उरत नाही. तिसऱ्यांदा उमऱ्याला निघालेल्या एका सद्गृहस्थांना मी म्हणालो, या वेळचे पैसे दोन मुलींच्या वसतिगृहाला द्या. ते म्हणाले, सर, अल्लाहच्या घरचं बोलावणं आलंय. मी वाद घातला नाही. घालायला हवा होता.

एका जमातीत शंभर घरांनी महिना दोनशे रुपये बाजूला ठेवले तर वर्षाला २ लाख ४० हजार होतात. तीस हजारांप्रमाणे आठ मुलांचे पहिले बिल भागते. शिष्यवृत्ती आली की मुलाने पैसे परत करायचे, पुढच्या वर्षी दुसरी आठ मुले. कर्जे हसना हा शब्द आपण खुतब्यात ऐकतो, त्याचा उपयोग एवढा सरळ आहे. यात जकातीचा पैसा घालू नका. जकात घेणाऱ्याच्या मालकीची करून द्यावी लागते, ती परत मागता येत नाही, मग मौलानांशी वाद होतो आणि निधी तिथेच मोडतो. लिल्लाह रकमेतून ठेवा. आणि एक गोष्ट आपल्या लोकांना माहीतच नसते. वीस हजार किंवा त्याहून जास्त रकमेचे कर्ज रोखीने घेणे आयकर कायद्याला चालत नाही, दंड त्या रकमेएवढा होऊ शकतो. भावाभावात असले तरी पैसे बँकेतून द्या, बँकेतून घ्या. पुण्य करताना नोटीस येऊ नये.

तसेच देणगीचे. ओळखीच्या एखाद्या भल्या माणसाने तुमच्या मुलीच्या खात्यावर लाखभर रुपये टाकले तर ती शिष्यवृत्ती आहे की भेट, हा प्रश्न उद्या उभा राहू शकतो. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात पन्नास हजारांच्या वर मिळालेली भेट उत्पन्नात धरली जाते. मुलीचे दुसरे उत्पन्न नसेल तर कर बसणार नाही, पण कटकट कशाला? देणाऱ्याने पत्र द्यावे, अमुक अभ्यासक्रमाच्या अमुक वर्षाच्या शिक्षणखर्चासाठी शिष्यवृत्ती. नोंदणीकृत ट्रस्टमार्फत दिले तर उत्तमच.

बँकेच्या शैक्षणिक कर्जाचे व्याज जुन्या करप्रणालीत आठ वर्षांपर्यंत वजा करता येते. जो व्याज नको म्हणून उसनवारीवर मूल शिकवतो त्याला कसलीच वजावट नाही. यावर आपल्या एकाही पुढाऱ्याने कधी तोंड उघडलेले मी ऐकले नाही.

आणि ज्यांना पीएच.डी.ची फेलोशिप मिळते त्यांच्यासाठी. माझ्या एका विद्यार्थ्याच्या जेआरएफमधून, महिन्याला ३७ हजारांची ती रक्कम, त्याच्या संस्थेच्या लेखा विभागाने पगार समजून कर कापला. तो दीड वर्ष गप्प बसला. साहेबांना कसे विचारायचे म्हणून. फेलोशिप ही शिक्षण-संशोधनासाठी असेल, नोकरीचा मोबदला नसेल, तर ती शिष्यवृत्तीच्या सूटीत बसते. विवरणपत्र भरले, सगळी रक्कम परत आली. कापलेला पैसा आपोआप परत येत नाही, मागावा लागतो. इंटर्न डॉक्टरांचे विद्यावेतन किंवा शिकाऊ कामगाराचे स्टायपेंड याबाबत मात्र वाद होतात, काम किती आणि शिक्षण किती यावर ते ठरते. तिथे सीएला विचारा, ग्रुपवर नको.

बांगड्यावाल्या बाई परवा पुन्हा आल्या होत्या. ट्रस्टचे पैसे अडकले होते. कराने नव्हे, नावाने. आधारवर मुलीच्या वडिलांचे नाव महंमद, दहावीच्या गुणपत्रिकेवर मोहम्मद, बँकेत नुसते मो. तीन कागदांवर तीन बाप. अर्ज करून दुरुस्तीला टाकलेय, दोन महिने लागतील म्हणतात. वसतिगृहाने महिनाअखेरची मुदत दिली आहे. तोवरचे अठरा हजार शाळेतल्या आम्ही चौघांनी मिळून तिच्या खात्यावर टाकले, यूपीआयने. ज्यांची मुले यंदा दहावीला आहेत त्यांनी आज घरी गेल्यावर हे तीन कागद एकत्र ठेवून नावे वाचून पाहावीत. बोर्डाचा फॉर्म जाण्याआधी दुरुस्ती शाळेतच होते आणि तिला पैसे लागत नाहीत.